नवी गिटार, नवे मॉडेलर आणि दुकानाच्या मागचे टेबल

2020 साली घरात अडकून पडलेल्या लोकांनी गिटार विकत घेण्याचा असा सपाटा लावला की फेंडर कंपनीच्या विक्रीने तोपर्यंतचा उच्चांक मोडला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील वाद्यविक्रीच्या दुकानांची सर्वांत मोठी साखळी असलेल्या गिटार सेंटरने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मिळावे म्हणून न्यायालयात धाव घेतली. ब्रुकलिनमध्ये 1924 साली सुरू झालेल्या सॅम ॲश या जुन्या नावाने तर 2024 मध्ये, म्हणजे शंभरी गाठली त्याच वर्षी, आपली सगळी दुकाने बंद केली. गिटार खपते आहे आणि गिटार विकणारा मात्र बसतो आहे, असे हे विचित्र गणित आहे. त्याचा दोष सगळे जण ऑनलाइन विक्रीवर टाकून मोकळे होतात, आणि तो दोष खोटाही नाही. तरीही मला असे वाटते की दुकानांनी ज्या आघाडीवर त्यांचा पराभव ठरलेलाच होता तिथेच, म्हणजे किंमत आणि साठा यांवर, लढाई केली. आणि जे त्यांच्याकडे होते, दुसऱ्या कोणालाही घरपोच पाठवता येण्यासारखे नव्हते, ते दुकानाच्या मागच्या खोलीत, दुरुस्तीच्या टेबलावर, धूळ खात पडू दिले.

हे टेबल आज पूर्वीपेक्षा जास्त का महत्त्वाचे आहे, हे समजण्यासाठी आधी नव्या गिटारकडे पाहिले पाहिजे. परवडणाऱ्या वर्गातील गिटार गेल्या वीसएक वर्षांत जितक्या सुधारल्या, तितके या वाद्याच्या बाबतीत दुसरे काहीही बदललेले नाही. संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांनी कापलेली बॉडी आणि नेक (गिटारची लांब मान) एकमेकांत इतके घट्ट बसतात की पूर्वी सांध्यात दिसणारी फट आता शोधूनही सापडत नाही. भाजलेल्या मेपलचे नेक, जे एकेकाळी मोजके कारागीर खास मागणीवर बनवत, ते आता मधल्या दर्जाच्या गिटारवर सर्रास मिळतात. कमी ऑक्सिजनच्या भट्टीत लाकूड तापवल्याने त्यातील ओलावा आणि राळ कमी होते आणि ऋतू बदलला तरी नेक फारसा वाकत नाही. स्टेनलेस स्टीलच्या फ्रेटही (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्या वर्षानुवर्षे झिजत नाहीत, तारा ओढून स्वर चढवताना बोट काचेवरून सरकावे तसे सरकते, आणि कारागिराच्या कानशी मात्र त्यांच्यापायी लवकर बोथट होतात. फ्रेटची उंची मोजून यंत्रानेच ती घासून समतल करणारी प्लेक ही जर्मन यंत्रणा मोठ्या कारखान्यांत वापरली जाते.

एवढे सगळे असूनही पेटीतून बाहेर काढलेली गिटार बहुतेक वेळा वाजवण्यायोग्य नसते. कारखाना यंत्राने जे जमते ते उत्तम करतो आणि ज्याला माणसाचा वेळ लागतो तिथे हात आखडता घेतो. असा वेळ लागणाऱ्या कामांत पहिला क्रमांक नटचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीचा. खुंट्यांकडून येणाऱ्या तारा ज्या खाचांतून फ्रेटबोर्डवर उतरतात, त्या खाचा कारखान्यात मुद्दाम उथळ ठेवल्या जातात, कारण खोल गेलेली खाच पुन्हा नीट भरणे सोपे नसते आणि परत आलेली गिटार कोणालाच नको असते. खाच उथळ राहिली की तार पहिल्या फ्रेटपासून उंचावर राहते; ती दाबायला जास्त जोर लागतो, आणि दाबल्यावर तार ताणली गेल्यामुळे स्वरही चढतो. नव्याने शिकणाऱ्याला एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा एफ मेजरचा बार कॉर्ड जमत नाही तेव्हा तो आपल्या बोटांना दोष देतो. पुष्कळदा दोष बोटांचा नसून मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो.

हे काम जवळून पाहण्यासारखे असते. कारागीर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरतो आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उचललेली आहे ते डोळा जवळ नेऊन पाहतो; तिथे जेमतेम कागद सरकेल इतकीच फट राहायला हवी. मग तार बाजूला करून तिच्याच जाडीची कानस खाचेत ठेवतो, हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूला किंचित उतार देतो आणि दोन-तीन वेळा हलकेच घासून तार पुन्हा बसवतो. पुन्हा दाबणे, पुन्हा पाहणे. शेवटी मऊ पेन्सिलीचे शिसे खाचेत उतरवतो, म्हणजे स्वर मिळवताना तार अडकून टक असा आवाज करत नाही. सहा तारांना मिळून फार वेळ लागत नाही, पण कुठे थांबायचे हे हाताला माहीत असावे लागते. यानंतर ट्रस रॉडची, म्हणजे नेकच्या आत बसवलेल्या आणि त्याचा बाक कमीजास्त करणाऱ्या सळईची, पाळी येते. पहिली आणि शेवटची फ्रेट एकाच वेळी दाबली असता मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास, साधारण पाव मिलिमीटरची फट दिसली तर नेकला योग्य तेवढा बाक आहे असे समजावे. या सळईचा नट (तारांच्या खाचांचा नव्हे) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही आणि फिरवल्यावर लाकडाला थोडा अवधी द्यायचा, इतके पथ्य पाळले की त्या कामाची अनेकांना वाटणारी भीती उरत नाही. मग तारांचे खालचे टोक पेलणाऱ्या ब्रिजची उंची, बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दीड ते दोन मिलिमीटर, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात राहील अशी तारेच्या लांबीची जुळवणी.

फ्रेटच्या टोकांचे दुखणे मात्र कारखान्याचे पूर्णपणे नसते. दमट हवेत तयार झालेली गिटार कोरड्या हवेत गेली की फ्रेटबोर्डचे लाकूड रुंदीला आकसते, धातू आकसत नाही, आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की टोके बोचू लागतात. हवेतील आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान असली तर गिटार सुखाने राहते. पण ज्या गोदामात ती महिनोन्महिने पडून होती तिथली हवा कशी होती, हे ग्राहकाला कोण सांगणार? हे दुकानदारालाच दिसू शकते, आणि त्याच्याकडे कारागीर असेल तर गिटार भिंतीवर टांगण्यापूर्वी ती टोके गोल करून घेता येतात.

टांगलेल्या गिटारविषयी माझी जुनी तक्रार आहे. अनेक दुकानांत भिंतीवरच्या गिटारच्या तारा गंजलेल्या असतात, स्वर मिळवलेले नसतात, नेक पुढे वाकलेला असतो आणि विचारले तर "ते नंतर ॲडजस्ट होतं" असे उत्तर मिळते. दुकानात येऊन गिटार हातात घेण्याचा अर्थच हा की ती कशी वाजते ते कळावे; आणि दुकानदाराने तिला अशा अवस्थेत ठेवले की ती कशी वाजू शकेल हे ग्राहकाने कल्पनेनेच ठरवायचे. कल्पनेनेच ठरवायचे असेल तर मग घरी बसून छायाचित्र पाहिले तरी चालते. शिवाय "कृपया हात लावू नये" अशी पाटी ज्या दुकानात असते तिथे मी फार वेळ थांबत नाही. महागड्या गिटारला पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे पडतात ही दुकानदाराची भीती मी समजू शकते. त्यावर उपाय म्हणून त्याने स्वतः गिटार काढून द्यावी, शेजारी उभे राहावे, हवे तर ग्राहकाला पट्टा काढायला सांगावे. अशी सूचना केल्याने कोणी गिटारप्रेमी रागावल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

हातात घेऊन पाहण्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की गिटारची जी माहिती आकड्यांत छापली जाते ती निर्णयाला अपुरी असते. फेंडरच्या बहुतेक गिटारांची वाजती लांबी 25.5 इंच, म्हणजे 648 मिलिमीटर असते आणि गिब्सनची साधारण 24.75 इंच, म्हणजे 629 मिलिमीटर. फरक बोटाच्या पेराएवढाही नाही. पण त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावण्यासाठी लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे लांब गिटारवर तो सुमारे 6 टक्के जास्त पडतो, आणि तार ओढून स्वर चढवणाऱ्या बोटाला तो लगेच जाणवतो. नेकच्या मागचा गोलवा तर आकड्यांत नीट सांगताच येत नाही. नवी चप्पल कुठे चावते हे ती घालून चार पावले चालल्याशिवाय कळत नाही, तशीच नेकची गोष्ट आहे. वजनाचेही तसेच. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी टांगलेल्या दोन गिटारांच्या वजनात अर्धा किलोचा फरक सहज निघू शकतो, कारण एका झाडाचे लाकूड दुसऱ्यासारखे नसते. तासभर उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हा अर्धा किलो पिकअपच्या (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाच्या) जातकुळीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

इलेक्ट्रिक गिटारही मी आधी ॲम्पला (ध्वनिवर्धकाला) न जोडता वाजवून पाहते. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा दाबायची, कुठे स्वर मरतो का, कुठे तार पुढच्या फ्रेटवर घासून खरखरते का ते ऐकायचे, पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर वरच्या फ्रेटवर तार पूर्ण एक स्वर ओढून पाहायची. हे कंटाळवाणे काम दुकानातल्या कर्मचाऱ्याला आवडत नाही, कारण त्याला तुम्ही एखादे आवडते रिफ वाजवून खूश होऊन गिटार घेऊन गेलेले हवे असता. पण पिकअप बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, वायरिंग नव्याने करता येते. पिळलेला नेक मात्र सरळ करता येईलच असे नाही.

लाकडाच्या नावांबाबतही दुकानात कान आणि बोटे यांच्यावर जास्त विश्वास ठेवावा. 2 जानेवारी 2017 पासून संपूर्ण डालबर्जिया वंशातील रोझवुड सायटिस या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियंत्रणाखाली आले, तेव्हा कंपन्यांनी घाईघाईने पाव फेरो हे लाकूड आणि इतर पर्याय वापरायला सुरुवात केली आणि गिटारप्रेमींमध्ये हळहळ पसरली. तयार वाद्यांना त्या नियमातून 26 नोव्हेंबर 2019 पासून सूट मिळाली आणि रोझवुड परत आले. मधल्या काळात बनलेल्या पाव फेरोच्या गिटार मी रोझवुडच्या शेजारी ठेवून वाजवल्या आहेत. रंगातला फरक मला ताबडतोब दिसला, आवाजातला फरक डोळे मिटून ओळखण्याची पैज मी लावणार नाही.

आता दुकानांच्या बाजूने बोलणारा माझा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो इतिहासातला आहे. आज ज्यांना आपण गिटारच्या सामग्रीतील दिग्गज नावे म्हणतो त्यांतील काही कंपन्या मुळात दुकाने होती. अर्नी बॉल यांनी 1958 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील टारझाना येथे केवळ गिटार विकणारे दुकान काढले, आणि ते तिथे शिकवतही असत. नवशिक्यांना त्या काळच्या संचातील जाड तिसरी तार दाबणे आणि ओढणे जड जाते हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते. त्यांनी हलक्या तारांचा संच काढण्याची सूचना फेंडरला केली, ती नाकारली गेली, म्हणून त्यांनी दुसऱ्या कारखान्याकडून पातळ तिसरी तार असलेला संच बनवून घेतला. पुढे त्यांच्या असेही लक्षात आले की व्यावसायिक वादक संचातील जाड सहावी तार टाकून देतात आणि पहिल्या जागी बँजोची पातळ तार लावतात. त्यातून स्लिंकी तारा जन्माला आल्या. दहा ते शेहेचाळीस (इंचाचे हजारांश) जाडीचा जो संच आज कोणीही विचार न करता मागतो, त्यामागे एका दुकानदाराने गल्ल्यावर बसून केलेले निरीक्षण आहे.

जिम मार्शल यांची कथा याहून प्रसिद्ध आहे. ते ड्रम वाजवणारे आणि ड्रम शिकवणारे. त्यांनी 1960 साली पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे दुकान उघडले. त्यांच्याकडे ड्रमवादकांबरोबर त्यांचे गिटारवादक मित्रही येऊ लागले. पीट टाउनशेंड आणि रिची ब्लॅकमोर यांच्यासारख्या तरुणांनी त्यांच्या मागे लकडा लावला की गिटार आणि ॲम्पही ठेवा, आणि आम्हाला आणखी मोठ्या आवाजाचा, अंगात जोर असलेला ॲम्प हवा आहे. अमेरिकेहून येणारे ॲम्प महाग पडत असत. दुकानातील दुरुस्ती पाहणारे केन ब्रॅन आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बेसमन या ॲम्पचे विद्युत मंडल समोर ठेवून, स्थानिक बाजारात मिळणारे भाग वापरून 1962 मध्ये जो ॲम्प बनवला, तोच जेटीएम 45. भाग वेगळे, व्हॉल्व्ह वेगळे, सेलेस्टियनचे बारा इंची स्पीकर बंद खोक्यात. या सगळ्यामुळे नकलेचा आवाज मूळ वस्तूपासून दूर गेला आणि रॉक संगीताचा आवाज ठरला. ग्राहकाची तक्रार आणि दुरुस्तीचे टेबल एकाच छपराखाली होते म्हणूनच हे घडले.

नव्या सामग्रीत ज्याची सर्वाधिक चर्चा होते ते डिजिटल मॉडेलर, म्हणजे खऱ्या ॲम्पच्या आवाजाची संगणकीय नक्कल करणारे साधन, या दृष्टीने वेगळे प्रकरण आहे. लाइन सिक्सचे लाल मूत्रपिंडाच्या आकाराचे पॉड 1998 मध्ये आले तेव्हा ते सोय म्हणून वापरले जाई. केम्परच्या प्रोफायलरने प्रत्यक्ष ॲम्पचा आवाज टिपून ठेवण्याची कल्पना रुळवली, आणि आता न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर त्याच जातीचे काम संगणकावर करते. ध्वनिमुद्रणात यांतील चांगली साधने खऱ्या ॲम्पपासून वेगळी ओळखणे मला जमत नाही आणि ते जमते असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचीही परीक्षा घ्यावी असे मला वाटते. ही वस्तू दुकानात वाजवून पाहण्यात मात्र फारसा अर्थ नाही. दहा मिनिटांत पडद्यावरील चार पाने उलटतात, कंपनीने भरून ठेवलेले भपकेबाज आवाज ऐकू येतात आणि हातात काहीच लागत नाही. एकसारखी असलेली, कारखान्यातून निघाल्यावर न बदलणारी ही वस्तू ज्याने त्याने सोयीने, परत करण्याची मुदत पाहून, कुठूनही घ्यावी. पेडलविषयीही (पायाने चालवायच्या, आवाज बदलणाऱ्या पेट्यांविषयी) माझे मत जवळजवळ हेच आहे.

तरीही एक गोष्ट दुकान देऊ शकते आणि घर देऊ शकत नाही, ती म्हणजे आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये मांडलेले निरीक्षण असे की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज आणि टीप मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. म्हणून रात्री शेजाऱ्यांच्या धाकाने हळू आवाजात जुळवलेला मॉडेलरचा आवाज रंगमंचावर मोठा केला की खालून घुमतो, वरून कानात घुसतो आणि मधल्या भागात गिटार हरवते. हे टाळण्याचा मार्ग एकच, मोठ्या आवाजात जुळवणी करणे. आणि त्यासाठी बंद, जाड भिंतींची एखादी खोली लागते. ज्या दुकानात अशी खोली असेल आणि ती तासाच्या भाड्याने देण्याची तयारी असेल, तिथे मॉडेलर कुठूनही घेतलेले असोत, लोक येतील. व्हॉल्व्हचा ॲम्प तर अशा खोलीशिवाय विकूच नये. अर्ध्या आवाजावरही न पोचलेला ॲम्प ऐकवून त्याची किंमत सांगणे हा ग्राहकावर अन्यायच आहे.

अन्याय दुसऱ्या बाजूनेही होतो हे मान्य केले पाहिजे. दोन तास गिटार वाजवून पाहायची, कर्मचाऱ्याकडून नेक, तारा, पिकअप यांबद्दल सगळे समजून घ्यायचे आणि बाहेर पडता पडता तीच गिटार फोनवर मागवायची, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की ती करणाऱ्याला ती लपवावीशीही वाटत नाही. दुकानदाराने यावर चिडून उपयोग नाही. त्याने वाजवून पाहण्याचे आणि सल्ल्याचे शुल्क उघडपणे लावावे आणि खरेदी केल्यास ते वळते करावे, असे माझे मत आहे. सेटअपचे, म्हणजे नट, बाक आणि तारांची उंची यांच्या जुळवणीचे, पैसे वेगळे मागण्यात तर संकोचाचे काहीच कारण नाही. ऑनलाइन घेतलेली गिटार घेऊन आलेल्या ग्राहकाकडे तुच्छतेने पाहणारे दुकानदार मला कळत नाहीत, कारण तोच ग्राहक वर्षातून दोनदा सेटअपसाठी, नव्या तारांसाठी, कधी झिजलेल्या फ्रेट बदलण्यासाठी परत येणार असतो. फ्रेट बदलण्याचे काम डब्यात भरून पाठवता येत नाही.

मला दुकानांकडून एक साधी चिठ्ठी हवी आहे. भिंतीवरच्या प्रत्येक गिटारला दोऱ्याने बांधलेली, आणि तिच्यावर हाताने लिहिलेले: वजन किती, कोणत्या जाडीच्या तारा आणि त्या कधी लावल्या, बाराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची उंची) किती, नेकचा बाक किती, नटचे काम झाले आहे की नाही, आणि खाली काम करणाऱ्याची सही. कारखान्याच्या पत्रकात यांतले बहुतेक काही नसते, कारण ते त्या एका गिटारपुरतेच खरे असते. ती सही ज्याची असेल त्याचे टेबल मागच्या अंधाऱ्या खोलीतून काढून दुकानाच्या दर्शनी भागात, काचेजवळ, मांडायलाही माझी हरकत नाही. तिथे त्याला उजेडही चांगला मिळेल.